पंधरा ऑगस्टचे पाहुणे आणि सोंसोगडाचा बेत

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून: "मी फोंड्याची, वय पंचेचाळीस. रोज सकाळी फर्मागुढीच्या बाजूला तासभर चालते, एवढीच माझी सवय. पुण्याची बहीण, तिचे यजमान आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा पंधरा ऑगस्टला जोडून चार दिवस आमच्याकडे येणार आहेत. मेहुणे पट्टीचे ट्रेकर आहेत, राजगड-तोरणा कैक वेळा केलेले. त्यांनी बेत पाठवलाय: पहिल्या दिवशी कुळ्याहून रेल्वे रुळांवरून चालत दूधसागर, दुसऱ्या दिवशी नेत्रावळीचा मैनापी धबधबा, तिसऱ्या दिवशी सोंसोगड. 'गोव्याचे डोंगर ते केवढे, सहज होईल,' असं त्यांचं म्हणणं. माझ्या यजमानांचा गुडघा दुखतो, लेक सहावीत आहे. यातलं काय जमेल हे मला कळत नाही. नको म्हटलं तर घाबरट ठरेन. आणि गोव्यात राहून गोव्याचे डोंगर पाहिले नाहीत, याचं वाईटही वाटतं. पाहुण्यांना कुठे नेऊ, आणि नाही कसं म्हणू?"

ताई, नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं मागून सांगते. बेतातली एकही वाट ऑगस्टमध्ये घेऊ नका. तिन्ही जागा बघण्यासारख्या आहेत, पण महिना चुकला आहे. गोव्यात डोंगराची वाट निवडताना मी आधी महिना बघते, मग बरोबर येणारी माणसं, आणि जागेचं नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. एखादा फोटो आवडतो, तिथेच जायचं ठरतं, मग माणसं जमतात, आणि पाऊस किती आहे हे त्या दिवशी सकाळी खिडकीतून बघितलं जातं. तुम्हाला शंका आली ती अगदी योग्य ठिकाणी आली आहे, तेव्हा घाबरट हा शब्द आधी मनातून काढून टाका.

दूधसागरापासून सुरुवात करू. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाटातला लोहमार्ग आहे. चढ 1:37 चा, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबात हा फार खडा चढ आहे. वळणं, बोगदे, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला दरी, आणि मध्ये असे लांबच लांब पट्टे की समोरून गाडी आली तर अंग चोरून उभं राहायलाही जागा नाही. पावसाच्या आणि पाण्याच्या आवाजात मालगाडीचा आवाज अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. पावसाळ्यात या घाटात दरडीही कोसळतात. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2023 च्या जुलैत रुळांवरून दूधसागरला निघालेल्या शेकडो जणांना अडवून त्यांच्याकडून उठाबशा काढून घेतल्या होत्या, त्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील. मला त्या उठाबशांपेक्षा मागे राहणाऱ्या पोराची काळजी जास्त वाटते. सतरा वर्षांचा मुलगा फोटोसाठी दोन पावलं मागे राहतो, आणि बोगद्यातून गाडी बाहेर येते.

पण दूधसागर पावसात बघायचाच असेल तर एक सरळ मार्ग आहे, आणि तो या मुलालाही आवडेल: रेल्वेतच बसा. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, कुळे करत याच घाटातून कर्नाटकातल्या लोंढ्याला जाते आणि धबधब्याच्या अगदी समोरच्या पुलावरून जाते. 310 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने उतरणारं ते पांढरं पाणी ऑगस्टमध्ये जसं दिसतं तसं वर्षभरात पुन्हा दिसत नाही. तिकिटं आधी काढा, वेळ त्या आठवड्याच्या वेळापत्रकात पुन्हा तपासा, आणि घरातल्या एकाला गाडी घेऊन लोंढ्याला पाठवा, म्हणजे अनमोड घाटाने रात्री घरी येता येईल. मध्ये कुठेही उतरायचं नाही, आणि दारात लोंबकळायचं नाही. कुळ्याहून जीपने धबधब्याच्या पायथ्याशी जायचं ते पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून. तेव्हा पाणी कमी असतं, पण अंगावर लाइफ जॅकेट घालून कुंडाजवळ बसता येतं.

मैनापीचं कारण वेगळं आहे. 2023 च्या जुलैत तिथे दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेश बंद केला होता. पावसाळ्यात असे आदेश निघतात, काही ठिकाणी सैल होतात, पुन्हा कडक होतात. धबधबे, नद्या आणि बंद पडलेल्या खाणींत साठलेलं पाणी यांत उतरायला जिल्हाधिकाऱ्यांची मनाई असते ती वेगळी. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्या अभयारण्याच्या वनखात्याच्या कार्यालयात फोन करून विचारायचं. गेल्या वर्षी कोणीतरी गेलं होतं, एवढ्यावर विसंबायचं नाही.

आता मेहुण्यांच्या त्या वाक्याकडे येते, कारण गोव्यात बाहेरून येणारे चांगले चालणारे लोक इथेच फसतात. सत्तरी तालुक्यातला सोंसोगड हजार मीटरपेक्षा जास्त उंच आहे. कळसूबाई 1,646 मीटर, तेव्हा आकडा लहान वाटतो. पण पुण्याकडे गडाचं पायथ्याचं गावच मुळात बरंच उंचावर असतं, आणि सत्तरीतली गावं समुद्रसपाटीपासून फार वर नाहीत. तो हजाराचा आकडा बहुतेक सगळा आपल्या पायांनी चढायचा असतो. दुसरं म्हणजे गड हा माणसांनी वापरून वापरून बनवलेला डोंगर आहे. तिथे मळलेली वाट असते, पायऱ्या असतात, दरवाजे असतात, बुरुजावर उभं राहिलं की आपण कुठून आलो ते दिसतं. सत्तरीचं रान तसं नाही. वर झाडांचं छप्पर, खाली पालापाचोळा, आणि तासन्‌तास चालूनही बाहेरचं काही दिसत नाही. ज्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने चढलात त्याच्यासारखे आणखी तीन व्हाळ शेजारी असतात. गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा एकमेकींत मिसळतात. मोबाइलला रेंज नाही. ऑगस्टमध्ये त्यात धुकं आणि पाऊस मिळवा. राजगडावर माणूस दमतो, इथे तो हरवतो. शिवाय हा सगळा भाग म्हादई अभयारण्याच्या रानाचा आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि गावातल्या माहितगाराशिवाय पाऊलही टाकू नये. सोंसोगड डिसेंबर-जानेवारीत करा. मेहुण्यांना तेव्हा पुन्हा बोलवा, आणि तेव्हा त्यांचा अनुभव खरोखर कामाला येईल.

मग चार दिवस करायचं काय? तुमच्या घरापासूनच सुरुवात करा. बोरीचा सिद्धनाथ डोंगर फोंड्याहून अगदी जवळ. वर सिद्धनाथाचं देऊळ आहे, खाली झुवारी नदी आणि तिच्या काठची खाजनं, म्हणजे बांध घालून राखलेली शेतं, दिसतात. सकाळी लवकर, पाऊस उघडलेला असताना चढा. तुम्ही रोज तासभर चालता, तुम्हाला हे जड जाणार नाही, आणि आपण किती चालू शकतो याचा अंदाज सगळ्यांना घराजवळच येईल. यजमानांचा गुडघा काय म्हणतो तेही इथेच कळेल. एक लक्षात ठेवा, गुडघ्याला चढण त्रास देत नाही तेवढा उतार देतो. वर जाताना ते खुशीत असतील, उतरताना बोलणं कमी होईल. हातात एक चांगली काठी द्या, पावलं छोटी टाकायला सांगा, आणि ओल्या जांभ्या दगडावर शेवाळ असेल तिथे बाजूच्या मातीवरून उतरा.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं हे देऊळ, चारी बाजूंनी रान, शेजारी वाहती नदी. पावसात ती लालसर होऊन फुगलेली असते, तेव्हा काठावरूनच बघायची. तिथून मागच्या रानातल्या धबधब्यावर जाणारी वाट मात्र या महिन्यात सोडून द्या, ती व्हाळ ओलांडत ओलांडतच जाते. परतताना बोंडल्याला थांबा. अवघं आठ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, सहावीतल्या मुलीला त्यात भरपूर बघायला मिळेल. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा. चंद्रनाथ पर्वतही याच जातीचा सोपा डोंगर आहे, पारोड्याला, वर चंद्रेश्वर-भूतनाथाचं देऊळ. गाडीरस्ताही आहे, त्यामुळे ज्यांना चालायचं नाही त्यांनी गाडीने यावं आणि सगळ्यांनी वर भेटावं.

चोर्ला घाटाचं सांगते, कारण पाहुणे तेही विचारतीलच. केरीहून वर जाताना अंजुणे धरण आणि पलीकडे ढगात बुडालेले डोंगर दिसतात, फार देखणं असतं. पण पंधरा ऑगस्टच्या आसपास तिथे गर्दी इतकी होते की वळणावर गाड्या उभ्या राहतात, आणि धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रकला त्या दिसत नाहीत. जायचंच तर कामाच्या दिवशी, सकाळी, आणि गाडी रस्ता सोडून पूर्ण बाहेर लावून.

भाच्याला काहीतरी थरारक हवं असणार, आणि त्यात गैर काही नाही. सतराव्या वर्षी अंगात रग असते, ती नुसती देवळं दाखवून शांत होत नाही. गोवा पर्यटन विकास महामंडळाकडून पावसाळ्यात सत्तरीत म्हादईवर राफ्टिंग होतं. प्रशिक्षित माणूस बरोबर, डोक्यावर हेल्मेट, अंगात जॅकेट, आणि पाणी जास्त वाढलं तर ते स्वतःच फेरी रद्द करतात. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, की रद्द करण्याचा अधिकार आणि हिंमत असलेलं कोणीतरी तिथे आहे. आधी चौकशी करून त्याची जागा राखून ठेवा.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गोव्याच्या डोंगरात पावसाळ्यात माणसं दगावतात ती बहुतेक पाण्यात, कड्यावरून पडून नव्हे. डोक्यावर ऊन असतं आणि व्हाळ तरीही फुगतो, कारण पाऊस वर घाटमाथ्यावर, कधी कर्नाटकाच्या हद्दीत पडलेला असतो. ते पाणी खाली यायला वेळ लागतो, आणि येतं तेव्हा एकदम येतं. त्याआधी ते खुणा देतं. नितळ पाणी गढूळ होऊ लागतं. त्यावर काटक्या, पानं, फेस वाहून येतो. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घरघर येते. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. यातली एक जरी खूण दिसली तरी सामान गोळा करत बसू नका, ज्या काठावर गाडी आहे त्या काठावर ताबडतोब या आणि उंचावर चढा. पलीकडे अडकलात तर ओलांडू नका, थांबा. व्हाळाचं पाणी जसं चढतं तसं उतरतंही, दोन तास भिजत बसणं परवडतं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर आलं की धट्टाकट्टा माणूसही उभा राहू शकत नाही, आणि एकमेकांचे हात धरून ओलांडायची जी पद्धत आहे तिच्यात एक घसरला की दोघे-तिघे जातात. धबधब्याखालच्या कुंडात तर पोहणाऱ्यानेही उतरू नये. वरून पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं, आणि तळाशी कपारी असतात त्या वरून दिसत नाहीत. साखळीजवळचा हरवळेचा धबधबा किती शांत आणि जवळचा वाटतो, पण तिथेही कित्येक बुडाले आहेत. मुलांना हे आधी घरी सांगा. तिथे गेल्यावर सांगितलेलं त्यांच्या कानात शिरत नाही.

तुमचा खरा प्रश्न मात्र नाही कसं म्हणायचं हा आहे, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. नाही म्हणायची जागा कुळे स्टेशन नव्हे. तिथे सगळे बूट घालून उभे असतात, मुलं उतावीळ असतात, आणि जी बाई थांबू म्हणते ती सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओतणारी ठरते. तुम्ही आत्ताच, पाहुणे निघण्याच्या आधी, बहिणीला फोन करा. मेहुण्यांना नव्हे, आधी बहिणीला. तिला कलम 147 सांगा, मैनापीचं सांगा. तिचा मुलगा आहे, तिला लगेच समजेल. मग मेहुण्यांशी बोला आणि त्यांना कारण सांगण्याऐवजी काम द्या. "भाऊजी, डिसेंबरचा सोंसोगड तुम्हीच आखायचा, वनखात्याची परवानगी आणि गावचा वाटाड्या हे मी बघते. ऑगस्टचे चार दिवस माझ्याकडे सोपवा." ज्यांनी आयुष्यभर गड केले त्यांना रानाची किंमत कळते, त्यांना फक्त हे सांगावं लागतं की हे रान वेगळं आहे. आणि ते हसून म्हणालेच, "तुम्ही गोव्याचे लोक घाबरता," तर म्हणू द्या. त्या हसण्याने कोणाचं काही बिघडत नाही. बेत मात्र बदलू नका, आणि "बघू, पाऊस कमी असला तर जाऊ" असंही म्हणू नका. पाऊस कमी असलेली एक सकाळ ऑगस्टमध्ये हमखास मिळते आणि दुपारी ती उरत नाही.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी ठरवून टाका. चालताना सगळ्यात पुढे सगळ्यात हळू चालणारा असेल, तुमच्या बाबतीत यजमान. आणि परत फिरायची वेळ घड्याळावर ठरलेली असेल, शिखर येवो न येवो. पावसाळ्यात दुपारी बारा ही वेळ मी पाळते. ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो असं आपण म्हणतो, पण दाट झाडांखाली त्याच्या तासभर आधीच पायाखालचं दिसेनासं होतं. डिसेंबरमध्ये तर सहा वाजून गेले की संपलं. सोबत डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी, गाडीत कोरडे कपडे ठेवा, आणि घरी किंवा शेजारी कोणाला तरी कुठे चाललो आणि केव्हा येणार हे लिहून द्या. रेंज असेल तिथून 108 ला रुग्णवाहिका मिळते.

आता तुमच्यासाठी, पाहुणे गेल्यानंतरचं. गोव्यात राहून डोंगर पाहिले नाहीत याचं वाईट वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. मला ते वाक्य फार आवडलं, कारण त्यात इच्छा आहे. पंचेचाळीस हे काही उशिराचं वय नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली, सप्टेंबरचा शेवट आला, की गोव्याचे डोंगर सगळ्यात मोकळे आणि सगळ्यात सुंदर असतात. व्हाळ वाहते असतात पण नितळ, सड्यांवर तेरड्याची आणि सीतेच्या आसवांची फुलं असतात, पाऊस एखादी सर टाकून जातो. या काळात नेत्रावळीच्या सावरी धबधब्याची वाट, खोतीगावच्या अभयारण्यातल्या आखलेल्या वाटा आणि तिथला झाडावरचा मचाण, यांपासून सुरुवात करा. खोतीगाव 86 चौरस किलोमीटरचं, शांत, आणि नवख्या माणसाला अगदी योग्य. नेत्रावळीला गेलात की गोपीनाथाच्या देवळाकडची बुडबुड्यांची तळी लेकीला दाखवा, पाण्यातून सतत बुडबुडे वर येत असतात. नोव्हेंबर उजाडला की वाघेरी करा, सुमारे 725 मीटर, केरीच्या बाजूने दिसतो तो. दम लागेल, पण दिवसाभरात होतो. तो नीट झाला तर सोंसोगडाला तुम्हीही जाऊ शकाल. भाच्याला जंगलातले सलग चार-सहा दिवस हवे असतील तर युथ हॉस्टेल्स असोसिएशनची गोव्यातली मोहीम थंडीच्या हंगामात असते, तिथे त्याला शिस्तही लागेल.

फेब्रुवारीनंतर मात्र रान सोडा. उन्हाळ्यात पालापाचोळा वाळतो आणि एक ठिणगी पुरते. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकावं लागलं होतं, आणि लोकांना रानात जायला बंदी झाली होती. दुसरं कारण माकडतापाचं. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, आणि 2015 च्या सुमारास तो सत्तरीतही आला. गोचिडी चावून तो होतो, डिसेंबर ते मे हा त्याचा जोराचा काळ. म्हणून थंडीतही रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसकण मारायची नाही, आणि घरी आल्यावर अंग नीट तपासून गरम पाण्याने आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. रानातून आल्यावर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना "मी सत्तरीच्या रानात गेले होते" हे पहिल्या वाक्यात सांगा.

वाटाड्या गावातलाच घ्या, आणि पैशांची घासाघीस करू नका. तो वाट दाखवतो एवढंच नाही, तर गवा कुठे उभा असतो, कुठल्या व्हाळाला आज जायचं नाही, कुठली राय देवाची आहे, हे सगळं त्याच्याकडे असतं. देवराईत शिरताना तो चपला काढेल, तुम्हीही काढा. तिथलं पानही तोडायचं नाही. सत्तरीत नानोड्याच्या बांबरला निरंकाराची राय आहे, तिथल्या दलदलीत उभी असलेली रानजायफळाची झाडं आज फार थोड्या ठिकाणी उरली आहेत, आणि ती उरली ती गावाने पाळलेल्या धाकामुळे. आपण बाहेरून जाऊन तिथे चिप्सची पाकिटं आणि दारूच्या बाटल्या टाकून येतो, हे मला सहन होत नाही. तुमच्या गाडीत एक रिकामी पिशवी ठेवा आणि दुसऱ्यांचाही थोडा कचरा उचला. पोरांना बघून सवय लागते.

पत्राच्या खाली तुमच्या लेकीने वेगळ्या शाईने लिहिलंय, "जळवा चावतात का? आणि साप?" बाळ, जळू चावते, पण ती आजार देत नाही. ती चिकटली तर ओढून काढू नकोस, नखाने तिचं तोंड बाजूने सरकव, सुटते. तिच्या लाळेमुळे रक्त थोडा वेळ थांबत नाही, त्याला घाबरायचं नाही, जागा धुवून कापूस दाबून ठेवायचा. लांब मोजे घाल, त्यांना बाहेरून थोडं मीठ चोळ. साप रानात असतातच, हिरवा चापडा तर फांदीसारखाच दिसतो, म्हणून फांदी धरण्याआधी आणि पाय टाकण्याआधी बघायचं, आणि अंधारात बॅटरीशिवाय चालायचं नाही. कधी कोणाला चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी बांधायची नाही. त्या माणसाला चालवायचं नाही, हात-पाय हलू न देता सरळ दवाखान्यात न्यायचं. हे तू बाबांना आणि पुण्याच्या काकांनाही वाचून दाखव.

आणि ताई, रेल्वेची तिकिटं आजच बघा, पंधरा ऑगस्टच्या आसपास ती लवकर संपतात.